पातळ ॲल्युमिनियम वेल्ड करताना भोक पडतंय? अँपिअरच्या नॉबला हात लावण्याआधी एवढं बघा

आधी दुखणं ओळखा. यातलं कुठलं तुमचं?

आर्क मारला, पाच-सात सेकंद पत्रा नुसता पांढुरका दिसतो, रस (वितळलेला धातू) सुटतच नाही, आणि मग एका झटक्यात सगळं खाली गळून भोक.

सुरुवातीचे दोन इंच सुरेख, तिसऱ्या इंचापासून शिवण रुंद होत जाते आणि कडेला आलं की कड खचते.

भरायची तार रसात मिसळत नाही. टोकाशी गोळी होते, ती लोंबते, मग टप्पकन भलतीकडे पडते. नाहीतर उडून टंगस्टनला, म्हणजे टॉर्चच्या तोंडातल्या ज्या काडीतून आर्क निघतो तिला, चिकटते.

रस सुटला तरी वर सुरकुतलेली साय दिसते, दोन्ही पत्र्यांचे रस समोरासमोर उभे राहतात पण एक होत नाहीत.

शिवण काळी, राखेसारखी, बारीक छिद्रांनी भरलेली.

सगळं छान जमलं, पण जिथे आर्क सोडला तिथे चांदणीसारखी चीर.

मी जळगावला एमआयडीसीच्या कडेला एका शेडमध्ये आर्गन वेल्डिंग करतो. मशीनवर टिग लिहिलेलं असतं, पण आपल्याकडे गिऱ्हाईक ‘आर्गन मारून द्या’ असंच म्हणतं. दुधाचे कॅन, रेडिएटरच्या टाक्या, खिडक्यांचे सेक्शन, दीड-दोन मिलिमीटरच्या पत्र्याच्या पेट्या हे माझं रोजचं काम. आणि दुसऱ्यांनी भोक पाडून आणलेलं दुरुस्त करणं हेही जवळजवळ रोजचंच. त्यातल्या बहुतेकांची गोष्ट एकच असते: ‘भो, वितळूच नाही राहिलं, म्हणून जरा अँपिअर वाढवले.’

इथेच घात होतो. ॲल्युमिनियम सुमारे ६६० अंश सेल्सिअसला वितळतं. त्याच्यावर ऑक्साइडची जी साय असते ती वितळायला २,००० अंशांच्या वर जावं लागतं. म्हणजे साय तशीच शाबूत आणि तिच्या पोटात धातूचा रस, अशी अवस्था येते. वरून बघणाऱ्याला वाटतं अजून काहीच झालं नाही. लोखंड लाल होऊन सांगतं, हे सांगत नाही. तुम्ही करंट वाढवता, साय फुटते आणि पोटातला रस खाली. त्यात हा धातू लोखंडाच्या चौपट-पाचपट वेगाने उष्णता पसरवतो. सुरुवातीला सगळी उष्णता पत्रा पिऊन टाकतो, आणि एकदा का पत्रा तापला की तोच करंट जास्त होतो. म्हणून मी नॉबला हात बऱ्याच उशिरा लावतो. खालचा क्रम फुकटापासून खर्चिकाकडे जातो.

मशीन एसीवर आहे का?

हसू नका. महिन्यातून एकदा तरी कुणीतरी स्वस्तातलं टिग मशीन घेऊन येतं आणि ते फक्त डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा करंट देणारं असतं. ॲल्युमिनियमला एसी, म्हणजे दिशा सतत बदलणारा करंट लागतो, कारण एसीच्या एका अर्ध्या फेरीत टंगस्टन पॉझिटिव्ह होतं आणि त्या वेळात साय उडवली जाते. उरलेल्या फेरीत उष्णता जॉबमध्ये जाते. डीसीवर साय उडतच नाही. मशीनवर एसी-डीसीचं बटण असेल तर आधी ते बघा, कालच्या स्टीलच्या कामानंतर कुणी परत फिरवलंच नसेल. बटणच नसेल तर पुढचं वाचून उपयोग नाही, ते मशीन या कामाचं नाही.

कूलर बंद करा

मे महिन्यात आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये कूलर नसेल तर माणूस उभा राहत नाही. पण कूलरचा झोत टेबलावर आला की आर्गनची चादर उडून जाते आणि शिवण काळी पडते. मग पोरं गॅस वाढवतात, गॅस जोरात निघाला की नोझलच्या तोंडाशी भोवरे होतात आणि उलट हवा आत ओढली जाते. कूलर पाठीमागे, भिंतीकडे तोंड करून. नाहीतर टेबलाच्या बाजूला पुठ्ठ्याचा आडोसा.

साफसफाई

यावर मी जास्त बोलणार, कारण निम्मी भोकं इथेच वाचतात.

आधी तेल-चिकट काढायचं, मग ब्रश. उलटं केलं तर ब्रश तेच तेल पत्र्यात चोळून बसवतो. स्वच्छ पांढऱ्या फडक्याला ॲसिटोन लावून पुसा, फडकं काळं यायचं थांबेपर्यंत. पूर्ण सुकू द्या, डबा लांब ठेवा, भडकणारा पदार्थ आहे. ब्रेक साफ करायचा स्प्रे वापरू नका. त्यातल्या काहींत क्लोरीनची द्रावणं असतात आणि आर्कच्या उजेडात-उष्णतेत त्यांचा फॉसजीन नावाचा विषारी वायू होतो. मग स्टेनलेसचा ब्रश, ज्याने आयुष्यात लोखंडाला हात लावलेला नाही असा. माझ्याकडे त्याच्या मुठीला पिवळी टेप आहे आणि पोरांना सांगून ठेवलंय की तो ब्रश दुसऱ्या कामाला घेतला तर त्या दिवसाचा चहा बंद. हलक्या हाताने, एकाच दिशेने. पत्र्याच्या कापलेल्या कडेवर आणि मागच्या बाजूलाही. तारसुद्धा पुसायची, हे कुणी करत नाही. साफ केल्यावर लगेच वेल्ड करा, साय पुन्हा धरायला लागते.

खिडकीचा ॲनोडाइज केलेला सेक्शन असेल तर ब्रशने भागत नाही. तो थर मुद्दाम जाड केलेला ऑक्साइडच असतो, तो कानशीने किंवा फ्लॅप डिस्कने खरवडूनच काढावा लागतो.

गेल्या उन्हाळ्यात भुसावळहून एक कुल्फीवाला सात साचे घेऊन आला. जेमतेम मिलिमीटरभराचा पत्रा. एका साच्याला तळाशी केसाएवढी चीर होती, ती कुणाकडून तरी बुजवून घ्यायला गेला आणि आठ आण्याएवढं भोक घेऊन आला. ‘दादा, पहिले थेंब-थेंब गळत होतं, आता सरळ धारच लागली.’ साचा हातात घेतला तर बाहेरून बर्फ-मिठाच्या पाण्याने खाल्लेल्या पांढऱ्या पुटकुळ्या, नखाने खरवडलं की पीठ पडावं तशा. आतून दुधाचा तुपकट थर. भोकाच्या कडेला करपलेल्या दुधाचा वास येत होता. म्हणजे त्या भाऊने मिठावर आणि सायीवर सरळ आर्क मारला होता. मी गरम पाणी आणि भांड्याच्या साबणाने धुतलं, सुकवलं, ॲसिटोन, ब्रश, भोकाची कड कानशीने चमकेपर्यंत घासली. अर्धा तास यात गेला, वेल्डिंगला दोन मिनिटं.

हे ॲल्युमिनियमच आहे ना?

जर्मनची पातेली, पत्रा, दुधाचा कॅन यात शंका नसते. ओतीव वस्तूत असते. हातात घेऊन आकाराच्या मानाने जड वाटली तर जस्ताचं डायकास्टिंग असू शकतं. जुन्या कार्बोरेटरच्या बॉडी बऱ्याचदा अशा असतात. ते ४०० अंशांच्या आसपासच गळतं आणि पांढरा धूर सोडतं, थांबा. उलट फारच हलकी वाटली तर खरवडलेल्या जागेवर व्हिनेगरचे दोन थेंब टाका. लगेच बुडबुडे आले तर मॅग्नेशियम. त्याचा कीस पेटतो आणि पाण्याने विझत नाही. ग्राइंडरसुद्धा लावू नका.

टंगस्टन

एक मिलिमीटरच्या पत्र्याला २.४ मिमीचं टंगस्टन लावलं तर ४० अँपिअरवर आर्क दारूड्यासारखा डुलतो. १.६ मिमीचं लावा. इन्व्हर्टर, म्हणजे नव्या इलेक्ट्रॉनिक मशीनला लँथेनम असलेलं, सोनेरी किंवा निळ्या टोकाचं, नाहीतर सेरियमचं राखाडी. हिरवं, म्हणजे शुद्ध टंगस्टन, जुन्या ट्रान्सफॉर्मर मशीनचं. लाल टोकाचं थोरियमवालं एसीला तसंही बरं चालत नाही, शिवाय त्याची घासलेली धूळ किरणोत्सर्गी असते, मी दुकानात ठेवत नाही.

लांबीच्या दिशेने घासायचं, टोक अगदी सुईसारखं न ठेवता किंचित बोथट. नोझलच्या बाहेर ३ ते ५ मिमी. आणि रसात बुडालं, किंवा तार लागली, की तिथेच थांबा. तोडा, घासा, मग पुढे. ‘एवढं पूर्ण करतो मग बघतो’ म्हणणाऱ्याची शिवण काळीच होते.

गॅस

शुद्ध आर्गन. सिरॅमिक नोझल ६ किंवा ७ नंबरचं असेल तर मिनिटाला ८ ते १० लिटर पुरे. (नोझलचा नंबर म्हणजे इंचाचे सोळावे भाग, ६ नंबर म्हणजे सुमारे साडेनऊ मिमीचं तोंड.) नळीच्या प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावून बघा. बारीक गळतीतून गॅस बाहेर जातोच, पण ओली हवा आत येते, आणि त्या ओलीतला हायड्रोजन रसात विरघळून शिवणीत छिद्रं करतो. पावसाळ्यात सकाळी पहिल्या जॉबआधी मी अर्धा मिनिट गॅस नुसता सोडतो, आणि थंड गोदामातून आणलेला पत्रा शेडमध्ये जरा रमू देतो.

आमच्याच पोऱ्याने एकदा मिगचं (ज्या वेल्डिंगमध्ये मशीन स्वतःच तार सोडतं त्याचं) आर्गन-कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण जोडलं होतं. टंगस्टन मिनिटभरात काळंठिक्कर. मी तासभर मशीनला शिव्या देत होतो.

इथपर्यंत आलात की एक परीक्षा करा, पैसे लागत नाहीत. साफ केलेल्या भंगार तुकड्यावर, तार न लावता, दोन-तीन सेकंद एकाच जागी आर्क धरा. मधोमध आरशासारखा चमकता ठिपका आणि भोवती दुधाळ पांढरी कडी दिसली तर एसी, गॅस, टंगस्टन, साफसफाई सगळं ठीक आहे. काजळी आली तर मागे जा, पुढे जाऊ नका.

हात

आता खरं. परीक्षेत ठिपका चमकला आणि तरी जॉबवर भोक पडत असेल, तर दोष हातात आहे. वाईट वाटून घेऊ नका, माझी पहिली दोन वर्षं त्यातच गेली.

आर्कची लांबी टंगस्टनच्या जाडीएवढी, दीड-दोन मिमी. लांब आर्क म्हणजे जास्त उष्णता जास्त जागेत, आणि पातळ पत्र्याला तेच नको असतं. नवशिक्या टंगस्टन बुडायच्या भीतीने टॉर्च वर उचलतो, रस सुटत नाही, करंट वाढवतो, बाकी तुम्हाला माहीत आहे. मनगट किंवा करंगळी कशावर तरी टेकवा, अधांतरी हाताने दीड मिमी सांभाळत नाही.

टॉर्च जवळजवळ उभा, पुढे जायच्या दिशेला १०-१५ अंश ढकललेला. जास्त आडवा केला की आर्कची ज्योत पुढे पळते आणि येणाऱ्या तारेला लांबूनच वितळवते. टोकाशी गोळी होते ती यामुळे. तार पत्र्याला जवळपास समांतर, आडवी, आणि तिचं टोक सतत गॅसच्या छायेत. मागे घेताना पूर्ण बाहेर काढलं तर गरम टोकावर साय धरते आणि पुढच्या खेपेला तीच साय रसात जाते. तार आर्कला द्यायची नाही, रसाच्या पुढच्या काठाला टेकवायची. रस स्वतः ती ओढून घेतो.

आणि हे कुणी सांगत नाही: तार ही ब्रेकसुद्धा आहे. प्रत्येक टेकवणीत गार धातू रसात जातो आणि रस निवतो. रस पसरायला लागला, मधे किंचित खोलगट दिसायला लागला, तर भोक आता पडणार. तेव्हा घाबरून टॉर्च उचलायचा नसतो, तार द्यायची आणि पुढे सरकायचं. सुरुवातीला रस आरशासारखा होईपर्यंत थांबा, मग टेकव-सरक, टेकव-सरक, आणि पत्रा तापत जाईल तसा वेग वाढवा. पायाचं पेडल असेल तर शिवणीच्या शेवटाकडे माझा पाय १०-१५ अँपिअरने वर आलेला असतो. पेडल नसेल तर तीन-चार सेंटिमीटर मारा, थांबा, पत्र्याला हात लावता येईल इतका निवू द्या, मग दुसऱ्या टोकाकडून मारा.

संपवताना टॉर्च झटकन उचलू नका. धातू गोठताना आकारमानाने सुमारे ६ टक्के आकसतो, खड्डा तसाच राहिला की तिथे चांदणी फुटते. करंट हळूहळू उतरवा, एक जादा थेंब भरा, आणि गॅस बंद होईपर्यंत टॉर्च तिथेच धरून ठेवा.

आता नॉब

ढोबळ हिशेब: मिलिमीटरला ४० अँपिअर. १ मिमीला ४०, दीडला ६०, दोनला ८०. पेडल असेल तर वर १० जादा ठेवा, पाय आहे आवरायला. एसी बॅलन्समध्ये, म्हणजे उष्णता आणि सफाई यांच्या वाटणीत, टंगस्टन निगेटिव्हचा वाटा ७० टक्क्यांच्या आसपास. काही मशीनवर उलटा आकडा, म्हणजे सफाईचा वाटा दाखवतात, तिथे तो ३० येईल, पुस्तिका बघा. सफाई जास्त ठेवली की टंगस्टनच तापून त्याचा गोळा होतो. फ्रिक्वेन्सी बदलता येत असेल तर १००-१२० हर्ट्झ, आर्क बारीक होतो. पोस्ट-फ्लो, म्हणजे आर्क विझल्यावर चालू राहणारा गॅस, दर १० अँपिअरला एक सेकंद धरा. पल्स, म्हणजे करंट ठोक्याठोक्याने कमी-जास्त करायची सोय, असेल तर सेकंदाला एक-दोन ठोके ठेवून ठोक्यावर तार द्यायची, नवशिक्याला बरं पडतं.

फट, टेका आणि तार

दोन पत्र्यांत फट असेल तर कुणाचाही हात चालत नाही. कडा कानशीने सरळ करा, दर इंचाला टाका मारा, मागून तांब्याची पट्टी घट्ट बांधा. तांबं उष्णता ओढून घेतं आणि रस लोंबू देत नाही. पट्टी नसेल तर जाड ॲल्युमिनियमची चालते. एवढ्या एका खर्चात माझी निम्मी डोकेदुखी गेली.

तार पत्र्यापेक्षा फार जाड नको. १ ते दीड मिमीला १.६ची. २.४ची तार पातळ पत्र्यावर वितळवायला जेवढी उष्णता लागते तेवढ्यात पत्रा गेलेला असतो. ४०४३ ही सिलिकॉनची तार, वाहती, चिरा कमी, दुरुस्तीला बरी. ५३५६ ही मॅग्नेशियमची, जरा ताठ, जास्त मजबूत, पण ६५ अंशांच्या वर सतत तापणाऱ्या वस्तूला, म्हणजे रेडिएटरला वगैरे, लावू नये. नंतर ॲनोडाइज करायचं असेल तर ५३५६च, ४०४३ची शिवण काळपट पडते. काही जण त्याच सेक्शनची पट्टी कापून तार म्हणून वापरतात. खिडकीचा ६०६३ किंवा ६०६१ नंबरचा मिश्रधातू असेल तर अशी शिवण थंड होतानाच चिरते.

लाईट आणि अर्थ

अर्थ क्लॅम्प रंगवलेल्या टेबलाला नको, जॉबलाच, घासलेल्या जागी. मग मल्टिमीटर प्लगवर, आर्क चालू असताना. शेताकडच्या लाईनीवर मोटारी चालू झाल्या किंवा पन्नास फुटांची बारीक वायर असली की २३० व्होल्टच्या जागी २००च्याही खाली जातं आणि आर्क तुटक होतो. वायर जाड आणि आखूड करा. आणि मशीनवरचा ड्यूटी सायकल, म्हणजे न थांबता किती वेळ चालवायचं तो आकडा, ४० अंशांच्या हवेला धरून लिहिलेला असतो. आमच्याकडे मे महिन्यात शेडबाहेरच ४४ असतं. मशीन मधेच ट्रिप झालं तर ते बिघडलेलं नाही, त्याला दहा मिनिटं द्या.

इथे थांबा

मशीनचं कव्हर उघडू नका. आर्क पेटवणारा हाय फ्रिक्वेन्सीचा भाग आणि कपॅसिटर बंद केल्यावरही झटका देऊ शकतात. स्वच्छ तुकड्यावर, नव्या टंगस्टनवर, बदललेल्या सिलिंडरवरही ठिपका काळाच येत असेल, तर ते मशीन दुरुस्तीवाल्याचं काम.

पेट्रोल-डिझेलची टाकी, कितीही धुतलेली असो, घेऊ नका. वाफ कोपऱ्यात राहते आणि टाकी फुटते. ती फक्त वाफ काढून, तपासून काम करणाऱ्यांकडेच. प्रेशर कुकर, दाबाची कुठलीही टाकी, गॅस भरलेली एअर कंडिशनरची नळी, तीच गोष्ट. अलॉय व्हील, शिडी, गाडीचा फूटरेस्ट यांना शिवण जमेल, पण शिवणीच्या दोन्ही बाजूंचा उष्णतेने कडक केलेला धातू मऊ पडतो आणि नंतर तिथेच तुटतो. गिऱ्हाइकाला हे तोंडावर सांगा आणि नाही म्हणा. ७०७५ किंवा २०२४ असा शिक्का दिसला तरी नाही म्हणा, ते वेल्डिंगचे मिश्रधातू नाहीत.

आणि पत्राच उरला नसेल तरीही. कुल्फीवाल्याच्या सातांपैकी पाच साचे केले, भोकाच्या साच्याला आतून ठिगळ लावून. पाणी भरून वर्तमानपत्रावर रात्रभर ठेवले, सकाळी कागद कोरडा. उरलेले दोन त्याच्यासमोर उन्हाकडे धरले तर पत्र्यातून सुईच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसत होते, आणि अंगठ्याने दाबलं की पत्रा आत जात होता. ते तसेच परत दिले. तो म्हणाला, ‘दादा, एकदा मारून तर बघा.’ मी मशीन बंद केलं होतं.